बाटलीवरचा बारशिंगा

मद्याच्या बाटलीवर जी चिठ्ठी चिकटविलेली असते, तिला आपल्या सुशिक्षित समाजात विचाराचा विषय समजत नाहीत. मद्य प्यावे की पिऊ नये, दारूबंदी यशस्वी झाली की फसली, महसूल वाढला की बुडाला, या प्रश्नांवर आपण तासन् तास बोलू शकतो. पण त्या बाटलीवर हरीण का असते, पक्षी का असतो, सिंह किंवा घोडा का असतो, असे कोणी विचारले तर त्याच्यावर पोरकटपणाचा शिक्का बसतो. “चित्र पाहून का कोणी पितो?” हे ठरीव उत्तर तयार असते. हे उत्तर देणारा गृहस्थ बहुधा बाटलीवरची सारी अक्षरे वाचू शकणारा असतो. ज्याला ती वाचता येत नाहीत, त्याचे मत कोणी विचारलेलेच नसते.

प्रस्तुत लेखात मला असे दाखवावयाचे आहे की, या व्यापारातील सर्वांत बोलके अक्षर म्हणजे ते चित्रच होय. त्या चित्रापुढे सरकारी इशारा मुका ठरतो. आणि हे सारे आपल्या सहीने चालते. ‘आपल्या’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. या मासिकाचे वाचक बहुतांशी परप्रांतात नोकरीनिमित्त राहणारे मराठी अधिकारी आहेत. कोणी आबकारी खात्यात आहे, कोणी महसुलात, कोणी आरोग्य खात्यात, कोणी सचिवालयात. मद्याच्या कोणत्याही नव्या छापाला, तो बाजारात येण्यापूर्वी, आपली चिठ्ठी राज्याच्या आबकारी खात्याकडे नोंदवावी लागते आणि त्यासाठी शुल्क भरावे लागते. म्हणजे बाटलीवरचे हरीण रानातून थेट दुकानात येत नाही. ते फाइलीतून येते.

लखनौच्या पूर्वेस, फैजाबादकडे जाणाऱ्या आणि आता अयोध्येच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हमरस्त्यावर चिनहट लागते. एके काळी हे स्वतंत्र गाव होते. आज गोमतीनगरच्या वाढीने त्याला पोटात घेतले आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव ३० जून १८५७ या दिवसामुळे राहिले. त्या दिवशी सर हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा येथे पराभव झाला. हत्तींकडून ओढत आणलेली त्याची आठ इंची तोफ रणातच राहिली, आणि त्यानंतर रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला. पुढे चिनहटचे नाव मातीच्या चकचकीत भांड्यांसाठी झाले. पांढरट अंगावर तपकिरी आणि हिरवी साधी नक्षी, ही त्यांची खूण. सरकारी आश्रय आटल्यावर तेही काम आटोपत आले. आज मटियारीच्या चौकापासून देवा रस्त्यापर्यंत पाहावे तो कारखाने, गोदामे आणि अर्धवट उभ्या इमारती. त्या इमारती बांधणारा मजूर बाराबंकी, गोंडा, बहराइच या जिल्ह्यांतून आलेला असतो. संध्याकाळी मजुरी हातात पडली की त्यातील एक वाटा ठेक्याकडे जातो.

त्या ठेक्यापुढे माल कसा मागतात, हे ऐकण्यासारखे आहे. इंग्रजी नाव जिभेवर न बसणारा माणूस ‘चिडियावाली’ म्हणतो, ‘सिंगवाली’ म्हणतो, किंवा नुसते बोट दाखवितो, आणि दुकानदारास ते पुरते. नावापेक्षा चित्र लवकर कळते, ही गोष्ट चिनहटच्या मजुरास शिकवावी लागत नाही आणि मद्याच्या कारखानदारास तर मुळीच नाही. न समजलेली असते ती केवळ आपल्याला.

येथे प्रथमच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वस्तूवर प्राण्याचे चित्र असणे हे स्वतः पाप नव्हे. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जेथे बहुसंख्य लोक निरक्षर होते, तेथे चित्र हीच सही होती. याच लखनौच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर मासा असे आणि बाजारात त्याला ‘मछलीदार’ रुपया म्हणत. आपल्याकडे अंकुशाची खूण असलेला ‘अंकुशी’ रुपया होता. सराफाने मासा पाहिला, अंकुश पाहिला, की नाणे कोणते आणि त्याचा कस काय, हे त्यास समजे. तो मासा अवधच्या नवाबांच्या राजचिन्हात गेला, आणि तेथून उत्तर प्रदेश शासनाच्या मुद्रेत आला. आजही लखनौच्या सचिवालयातून निघणाऱ्या कागदाच्या माथ्यावर दोन मासे असतात. त्यांचा अर्थ एवढाच की, हा कागद शासनाचा आहे, यातील मजकुराची जबाबदारी शासनावर आहे. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर वाघ-हत्ती-मोरांच्या रंगीत चिठ्ठ्या येत, काड्यापेट्यांवर प्राण्यांची चित्रे येत. त्यांचाही मूळ उपयोग हाच. मागच्या वेळी टिकाऊ निघालेला तागा याच गिरणीचा होता काय, हे शेतकऱ्याला कळावे.

ही झाली ओळखीची खूण. ती ग्राहकाच्या बाजूने असते. तिच्यामुळे त्याची फसवणूक टळते आणि माल खोटा निघाल्यास कोणाच्या दारात जावयाचे ते त्याला समजते. परंतु दुसरी एक खूण असते, ती भुरळीची खूण. ती मालाविषयी काहीच सांगत नाही. ती केवळ गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून असलेले प्रेम उचलते आणि मालावर चिकटविते. या दोहोंत गल्लत करून, पहिलीच्या पुण्याईवर दुसरीला खपविणे, हा आजच्या मद्यव्यापाराचा मुख्य डाव आहे.

या डावाचा सर्वांत उघड नमुना परदेशात पाहावयास मिळतो. ऑस्ट्रेलियातील कॅसेला या द्राक्षमद्याच्या घराण्याने २००१ साली अमेरिकेच्या बाजारात ‘यलो टेल’ नावाची वाइन आणली. तिच्या चिठ्ठीवर कांगारूच्या जातीतला वॉलबी नावाचा एक उडी मारणारा प्राणी आहे. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक पेट्या खपल्या. २००५ पर्यंत हा आकडा वर्षाला सत्तर लाखांच्या वर गेला. मौज अशी की, ते चित्र त्या वाइनसाठी काढलेलेच नव्हते. चित्रकाराच्या तयार साठ्यातून ते विकत घेण्यात आले. म्हणजे त्या प्राण्याचा ना त्या मळ्याशी संबंध, ना त्या द्राक्षाशी, ना त्या रसाशी. पुढे बाजारपेठेची मोजदाद करणाऱ्या नील्सन संस्थेने २००६ साली अमेरिकेतील हिशेब मांडला. मागील तीन वर्षांत आलेल्या आणि बाजारात टिकलेल्या ४३८ नव्या छापांपैकी ७७ छापांवर, म्हणजे शेकडा १८ छापांवर, कोणता ना कोणता प्राणी होता. आणि प्राण्याच्या नव्या छापांची विक्री इतर नव्या छापांच्या दुपटीहून अधिक होती. “चित्र पाहून का कोणी पितो?” या प्रश्नाचे उत्तर एवढे सरळ आहे. पितो, आणि पिणारा अमेरिकेतला साक्षर गृहस्थ असला तरी पितो.

असे का व्हावे? माणसाच्या चेहऱ्याला जात असते, प्रांत असतो, वय असते, पक्ष असतो. प्राण्याला यातले काहीच नसते. राजपुत्राचे चित्र पाहून एखाद्याला आपला दुरावा वाटेल. हरणाचे चित्र पाहून कोणालाही तसे वाटत नाही. शिवाय प्राण्यांविषयीचा विश्वास आपल्या मनात बालपणापासून रुजलेला असतो. मराठीत छापील गद्याची पहाट झाली तेव्हा सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली. आमच्या पूर्वजांना नीती शिकविली ती कोल्ह्याने, सिंहाने आणि उंदराने. आमच्या अंकलिपीत अक्षराच्या शेजारी हत्ती आणि ससा बसलेले असतात. आमचे देव प्राण्यांवर बसतात. आमच्या ज्ञानदेवांची कथा रेड्याखेरीज पुरी होत नाही आणि एकनाथांची तहानलेल्या गाढवाखेरीज. पोळ्याला आम्ही बैलाच्या पाया पडतो. अशा मनाला प्राण्याची खूण ही खात्रीची खूण वाटली तर त्यात नवल ते काय? जो प्राणी शतकानुशतके आम्हांला शहाणपण शिकवीत आला, तोच आता आम्हांला गिऱ्हाईक बनविण्यासाठी कामाला लावलेला आहे.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. संगमनेरच्या ‘गाय छाप’ जर्द्याची पुडी महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? शेतमजुराच्या कंबरेला, एस. टी. च्या चालकाच्या खिशात, आणि खरे सांगावयाचे तर कचेरीच्या टेबलाच्या खणात ती सापडते. तंबाखूचा आणि गाईचा संबंध काय, असे आपण कधी विचारले नाही. जिला आम्ही माता म्हणतो तिचे नाव घेऊन तंबाखू मागताना आमची जीभ कधी अडखळली नाही. गाय म्हणजे घरची, सात्त्विक, विश्वासाची. तो विश्वास पुडीवर उतरला आणि पुडी घराघरांत शिरली. तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा नाही आणि कोणा व्यापाऱ्याला मी येथे गुन्हेगार म्हणत नाही. मी केवळ चित्राचे सामर्थ्य दाखवीत आहे.

आता मद्याकडे वळू. या देशात इंग्रजी मद्य आले ते प्राण्यांच्या पाठीवर बसूनच आले. एडवर्ड डायर याच्या कसौलीच्या कारखान्याची ‘लायन’ बिअर एकोणिसाव्या शतकातली. ज्या कंपनीचा कारखाना लखनौच्या डालीगंजात आहे त्या मोहन मीकिनची ‘गोल्डन ईगल’ बिअर मागच्या पिढीने पाहिलेली आहे. ‘ब्लॅक डॉग’ आहे, ‘व्हाईट हॉर्स’ आहे. ‘किंगफिशर’ म्हणजे आमचा खंड्या. नदीकाठच्या तारेवर बसून मासा हेरणारा तो निळा पक्षी शहरातल्या मुलांना आता नदीकाठी भेटत नाही, बाटलीवर भेटतो. १९९५ साली ‘रॉयल स्टॅग’ आली. तिच्यावरचे हरीण विलायती वळणाचे आहे. पण उत्तर प्रदेशातल्या माणसाला ते आपल्या बारशिंग्यासारखे वाटले तर त्याचा दोष नाही. बारशिंगा हा या राज्याचा राज्यप्राणी आहे. दुधव्याच्या दलदलीत उरलेसुरले कळप जपण्यासाठी शासनाचे एक खाते झटत असते, आणि त्याच्यासारखी शिंगे असलेला प्राणी बाटलीवर मिरविण्यास शासनाचेच दुसरे खाते दरसाल मंजुरी देत असते. माथ्यावर दोन मासे असलेल्या कागदावर शिंगाळ्या हरणाला परवानगी लिहिली जाते, आणि त्या कागदावर सही करणाऱ्याला यात काही विचित्र वाटत नाही.

याहूनही गंभीर गोष्ट पुढे आहे. मद्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर करण्यास २००० साली केबल नियमांत दुरुस्ती करून बंदी घालण्यात आली. बंदी कशावर? मद्यावर. चित्रावर नव्हे. मग चित्र मद्याला सोडून बाहेर पडले. तोच पक्षी पाण्याच्या बाटलीवर बसला, सोड्यावर बसला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बसला. २००५ ते २०१२ या काळात तर तो विमानांच्या शेपटीवर बसून आकाशात उडाला, आणि ती विमाने जमिनीवर आल्यावरही पक्ष्याचे काही बिघडले नाही. २००८ साली क्रिकेटचे नवे सामने सुरू झाले तेव्हा बंगळूरच्या संघाला एका व्हिस्कीच्या नावाशी जुळणारे नाव मिळाले आणि छातीवर सिंह मिळाला. दहा वर्षांचा मुलगा तो सदरा अंगात घालून गल्लीत खेळतो. त्याच्या आईबापांना त्यात खेळ दिसतो, मद्य दिसत नाही. न दिसणे हेच या युक्तीचे यश आहे. अक्षरांना कायद्याने अडविता येते. प्राणी मात्र मुका असल्यामुळे त्याच्यावर आरोप ठेवता येत नाही. ज्याने कायदा केला त्याने शब्द मोजले. ज्याने कायदा चुकविला त्याने चित्र मोजले.

आता त्या चिठ्ठीवर शासनाच्या वतीने काय छापलेले असते ते पाहू. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे मद्यविषयक विनियम २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि १ एप्रिल २०१९ पासून अंमलात आले. मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे आणि पिऊन वाहन चालवू नये, असा इशारा प्रत्येक बाटलीवर असला पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. पण त्याचे माप ऐका. अक्षरांची उंची तीन मिलिमीटरांहून कमी नसावी. आणि बाटली २०० मिलिलिटर किंवा त्याहून लहान असेल तर दीड मिलिमीटर चालेल. इशारा इंग्रजीत असावा. एखाद्या राज्याची इच्छा असल्यास तो त्या राज्याच्या भाषेत छापता येईल.

वाचकांनी या दीड मिलिमीटरपाशी क्षणभर थांबावे. लहान बाटली कोण घेतो? मोठी बाटली कपाटात ठेवून पाहुण्यांना देणारा घेत नाही. उत्तर प्रदेशातला २०० मिलिलिटरचा पव्वा आणि महाराष्ट्रातली १८० मिलिलिटरची क्वार्टर ही रोजंदारीवाल्याची मापे आहेत. ज्याचे शिक्षण सर्वांत कमी, ज्याचे डोळे दिवसभर सिमेंटच्या धुळीत तापलेले, जो संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाटली हातात घेतो, त्याच्यासाठी शासनाने सर्वांत बारीक अक्षरे राखून ठेवली आहेत. ज्याला इंग्रजी येते त्याला मोठ्या बाटलीवर मोठी अक्षरे आणि ज्याला येत नाही त्याला छोट्या बाटलीवर छोटी. बाटली लहान म्हणून कागद लहान, कागद लहान म्हणून अक्षरे लहान, हा तर्क कारकुनी दृष्टीने निर्दोष आहे. पण त्याच लहान कागदावर चित्राला जागा कमी पडल्याचे कोणी पाहिले आहे काय? एका बाजूला सर्वांना वाचता येणारे चित्र, दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोणालाच न वाचता येणारे वाक्य. आणि या विषम झुंजीला आपण ‘ग्राहकास दिलेली सूचना’ असे नाव दिले आहे.

हे टाळता येत नाही असे कोणी म्हणू नये. तंबाखूच्या बाबतीत याच देशाने ते करून दाखविले आहे. २००३ च्या कायद्याखाली ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर रोगाची चित्रे आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून त्या चित्रांनी वेष्टनाचा शेकडा ८५ भाग व्यापला. चित्राला उत्तर चित्रानेच द्यावे लागते, हे तेथे शासनाने ओळखले. गाईला पुडीच्या कडेला सरकावे लागले. मग मद्यावरचे हरीण आणि पक्षी तेवढे जागचे का हलत नाहीत? मद्य कर्करोगास कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले आहे, तेव्हा ज्ञानाची उणीव हे कारण असू शकत नाही. कारण दुसरे आहे आणि ते आपण सर्व जाणतो. उत्तर प्रदेशास २०२२–२३ या एका वर्षात आबकारीतून ४० हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न झाले. त्या उत्पन्नातून रस्ते होतात, शाळा चालतात आणि आपले पगारही होतात. ज्या हातात तराजू आहे तोच हात एका पारड्यातले खातो.

आमच्या महाराष्ट्रातही चिठ्ठीविषयी चर्चा होते. नाही असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका मंत्र्यांनी शहाद्याच्या एका समारंभात, दारूला स्त्रीचे नाव दिले तर खप वाढेल, असे उद्गार काढले. त्यावर महिलांनी रान उठविले आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये मराठी पाट्यांविषयीच्या निर्णयाबरोबरच, मद्य विकणाऱ्या वा पाजणाऱ्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत, असेही ठरले. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. पण त्यांतील तत्त्व नीट तपासा. नावाने खप वाढतो हे मंत्र्यांनी बोलून दाखविले म्हणून राग आला. नावाने खप वाढतो हे खोटे आहे असे मात्र कोणी म्हटले नाही. स्त्रीची अप्रतिष्ठा होते म्हणून स्त्रीचे नाव नको, महापुरुषाची होते म्हणून महापुरुषाचे नको, किल्ल्याची होते म्हणून किल्ल्याचे नको. बरे, मग गिऱ्हाइकाचे काय होते? ज्याला भुलविले जाते त्याच्या प्रतिष्ठेचा आणि त्याच्या यकृताचा विचार या यादीत कोठे बसतो? आपण देवघर आणि इतिहास यांचे रक्षण केले आणि ज्याच्यासाठी चिठ्ठी छापली जाते तो माणूस मोकळ्यावर ठेवला.

येथे काही आक्षेप येतील. त्यांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराचा. वाइन हा शेतीचा माल आहे, तिच्या विक्रीवर बंधने आणाल तर शेतकरी मरेल, असे म्हटले जाते. २७ जानेवारी २०२२ रोजी एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा जो निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला आणि जो पुढे विरोधामुळे अडकून पडला, त्याच्या समर्थनार्थ हाच युक्तिवाद होता. मी म्हणतो, शेतकऱ्याचा माल असेल तर चिठ्ठीवर शेतकरी लिहा. गाव लिहा, द्राक्षाची जात लिहा, वर्ष लिहा. नाशिकच्या सुला कंपनीने १९९९ साली व्यवसाय मांडला तेव्हा तिने सिंह किंवा घोडा शोधला नाही. मिशाळ सूर्य घेतला, आणि पुढे एका वाइनला दिंडोरीचे नाव दिले. सूर्यही मोहक असू शकतो, हे मी नाकारीत नाही. परंतु ‘दिंडोरी’ हा शब्द मालाविषयी काही खरे सांगतो. हरीण काय सांगते? त्या हरणाने द्राक्ष खाल्ले होते एवढे तरी सांगते काय?

दुसरा आक्षेप असा की, चिठ्ठीवर कडक हात टाकल्यास लोक बिनचिठ्ठीच्या विषारी दारूकडे वळतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी जानेवारीत लखनौजवळच्या मलिहाबादेतही तसेच मृत्यू झाले. पण चिनहटला लागूनच असलेल्या बाराबंकी जिल्ह्यात, रामनगरकडे, मे २०१९ मध्ये वीसहून अधिक माणसे दगावली, ती परवाना असलेल्या दुकानातून दारू घेऊन. म्हणजे मरणापासून वाचविते ती चिठ्ठीच्या मागची तपासणी. चिठ्ठीवरचे चित्र नव्हे. मी चिठ्ठी काढून टाका म्हणत नाही. मी म्हणतो, चिठ्ठीला पुन्हा चिठ्ठी करा. नाण्यावरच्या माशासारखी ती खरेपणाची साक्ष होऊ द्या.

तिसरा आक्षेप रसिकांचा. जगातील प्रत्येक गोष्ट उपयुक्ततेच्या काट्यावर तोलणार काय? बाटलीवरचे एक सुंदर चित्रही तुम्हांला सोसवत नाही काय? या रसिकांना मला एवढेच विचारावयाचे आहे की, चित्रकलेवरील त्यांचे प्रेम नेमके बाटलीपाशीच का जागे होते? चिनहटच्या कुंभाराच्या चाकाची घरघर थांबत आली तेव्हा कलेच्या नावाने कोणी गळा काढला नाही. त्याच्या थाळीवरची नक्षी माणसाला जेवावयास बोलावीत होती. तिच्यासाठी ठेक्यापुढे रांग लागत नव्हती, एवढाच तिचा अपराध.

आता आपल्याविषयी. परप्रांतात राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याची एक ख्याती आहे: तो नियमाला चिकटून असतो, कागद नीट वाचतो आणि टिपण स्पष्ट लिहितो. ही ख्याती या प्रश्नात उपयोगी पडू शकेल. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. संपूर्ण दारूबंदी त्यातून निघते की नाही, हा वाद थोरांवर सोपवू. परंतु ज्या राज्याला आळा घालावयाचा आहे, त्याने निदान भुरळीला मोहर देऊ नये, एवढे तर कोणताही समंजस माणूस मान्य करील.

त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागत नाही. इशारा राज्याच्या भाषेत छापण्याची मुभा विनियमातच आहे. ज्या राज्यात आपण नोकरी करतो तेथे ती मुभा वापरावी, असे टिपण आपल्यापैकी कोणीही आजच लिहू शकतो. चिनहटच्या पव्व्यावर इशारा हिंदीत असावा आणि नगरच्या क्वार्टरवर मराठीत, यात कोणत्या व्यापाऱ्याचे कोणते मूलभूत स्वातंत्र्य बुडते? लहान बाटलीची दीड मिलिमीटरची सवलत रद्द व्हावी, असा प्रस्ताव आरोग्य खात्यातील आपला सहकारी पाठवू शकतो. चिठ्ठीवर चित्र जेवढ्या जागेत असेल तेवढीच जागा इशाऱ्याला मिळावी, अशी सूचना आबकारीच्या धोरणाच्या मसुद्यात घालता येते. कारखानदाराने सिंह लहान करावा की इशारा मोठा, हे मग त्यानेच ठरवावे. आणि पाणी, सोडा, गाणी, खेळ यांच्या आडून तेच चित्र फिरताना दिसले, तर ते चित्र म्हणजे मद्याचीच जाहिरात होय, असे नोंदविण्याचे धैर्य दाखविता येते.

यांपैकी काही मान्य होईल, काही होणार नाही. वरिष्ठ हसतील. फाइलीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा येईल आणि चर्चा होणार नाही. हे सर्व मला ठाऊक आहे. परंतु फाइलीत एकदा लिहिलेला प्रश्न पुसला जात नाही. आज ना उद्या कोणीतरी ती फाइल उघडतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. म्हणून निदान एक प्रश्न तेथे असू द्या. नव्या छापाची चिठ्ठी टेबलावर येईल, तिच्यावर वाघ असेल, गरुड असेल किंवा शेपटी उंचावलेला घोडा असेल. शुल्क भरलेले असेल, कागद पुरे असतील. सही करण्यापूर्वी समासात एवढेच लिहा: या प्राण्याचा या बाटलीतील मालाशी संबंध काय, तो अर्जदाराने कळवावा.